छप्पर शोधायला जमिनीखाली: माल्टाची मंदिरं कशी पाहावीत

माल्टातल्या कुठल्याही प्राचीन मंदिरात शिरा, मान वर केली की आकाशच दिसतं. तीन ठिकाणी आता पांढरे तंबू आहेत, तेवढीच काय ती सावली. भिंती शाबूत आहेत, उंबरठे आहेत, दगडी दारं आहेत. छप्पर मात्र कुठेच उरलेलं नाही. बहुतेक प्रवासी फोटो काढतात, ‘केवढाले दगड!’ म्हणतात आणि बसकडे वळतात. वरचं छप्पर कसं होतं, हा प्रश्न त्यांच्याबरोबरच निघून जातो. त्याचं उत्तर पाओला गावातल्या एका साध्या रस्त्याखाली, घरांच्या पायाखालच्या खडकात कोरून ठेवलेलं आहे. वरची मंदिरं आणि खालचं भुयार हे एकाच गोष्टीचे दोन तुकडे आहेत. ते जोडून पाहिले तरच माल्टा कळतो, असं माझं ठाम मत आहे.

आधी जागा नीट समजून घेऊ. माल्टा म्हणजे सिसिलीच्या दक्षिणेला साधारण ९० किलोमीटरवर असलेली छोटी बेटं: माल्टा, गोझो आणि मधलं चिमुकलं कोमिनो. सगळी मिळून ३१६ चौरस किलोमीटर. नदी नाही, डोंगर नाही, धातूची खाण नाही. आहे तो फक्त चुनखडीचा दगड. सिसिलीकडून होड्यांनी आलेल्या शेतकऱ्यांनी इथे वस्ती केली, आणि इ.स.पू. ३६००च्या आसपास त्यांच्या वंशजांनी प्रचंड दगडांच्या वास्तू उभारायला सुरुवात केली. हे काम हजारेक वर्षं चाललं. तेव्हा त्यांच्याकडे लोखंड सोडाच, तांबंही नव्हतं. हत्यारं गारगोटीची, शिंगांची आणि ज्वालामुखीच्या काळ्या काचेची. ती काचसुद्धा लिपारी आणि पांतेलेरिया या बेटांवरून समुद्रमार्गे आणलेली.

नावं वाचताना आपली फजिती होते, तेव्हा तेही आत्ताच उरकून टाकू. माल्टी भाषा अरबीच्या कुळातली, पण रोमन लिपीत लिहिली जाणारी. पाटीवर इंग्रजी ‘एक्स’ दिसला की ‘श’ वाचायचा, ‘जे’ दिसला की ‘य’, आणि ‘क्यू’ दिसला की घशातल्या घशात अडखळायचं. म्हणून ही मंदिरं टारशीन, इम्नायद्रा आणि हाजर ईम. यातलं ‘हाजर’ म्हणजे दगड. मक्केतल्या काळ्या दगडाच्या ‘हजर-ए-अस्वद’ या नावातला हजर तोच.

‘मंदिर’ या शब्दाबद्दलही जरा सावध राहायला हवं. आपल्या डोक्यात मंदिर म्हटलं की गाभारा, मूर्ती, पुजारी, घंटा असं सगळं एकदम येतं. हे लोक लिहीत नव्हते. त्यांचा देव कोण, त्याचं नाव काय, देव होता की देवी की पूर्वज, याची एक ओळही मागे नाही. पुरातत्त्वज्ञांनी सोयीसाठी दिलेलं हे नाव आहे. आत वेदीसारखे दगड आहेत, प्राण्यांची हाडं सापडली आहेत, मूर्ती सापडल्या आहेत, आणि घरगुती वापराच्या खुणा फारशा नाहीत. म्हणून ‘मंदिर’.

आता आराखडा. जमिनीवर उभं राहून तो चटकन कळत नाही, म्हणून एक युक्ती. डाव्या हाताची मूठ वळून उजव्या हाताच्या मुठीशेजारी ठेवा आणि मध्ये बोटभर फट सोडा. ती फट म्हणजे मधली वाट आणि दोन्ही मुठी म्हणजे अर्धगोल दालनं. अशी एक जोडी, तिच्यामागे दुसरी जोडी, आणि शेवटी वाटेच्या टोकाला एखादा कोनाडा. बहुतेक मंदिरं याच साच्यातली. सगळ्याला वळसा घालणारी बाहेरची जाड भिंत असते, आणि आतली भिंत व बाहेरची भिंत यांच्या मधल्या पोकळीत माती आणि दगडगोटे ठासलेले असतात. समोरचा दर्शनी भाग आत वळलेला, जणू हात पसरून बोलावतोय. दार म्हणजे दोन उभे दगड आणि वर एक आडवा. काही ठिकाणी मात्र एकाच अखंड शिळेत चौकोनी भोक पाडून दार केलंय, आणि त्यातून वाकूनच जावं लागतं. जमीन कशाची, तर चुनखडीचा चुरा पाण्याने भिजवून, ठोकून ठोकून घट्ट केलेली. माल्टात त्याला ‘टोर्बा’ म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत कोबा पाहिलेल्या माणसाला वेगळं काही सांगायला नको.

दगड दोन जातींचे आहेत आणि त्यांच्यातला फरक ओळखता आला की अर्धं मंदिर वाचता येतं. एक मऊ, पिवळसर, लोण्यासारखा कापला जाणारा; नक्षीकामाला उत्तम, पण खारा वारा लागला की पापुद्रे सुटून झिजणारा. दुसरा राखाडी, कडक, प्रवाळाचे अवशेष असलेला. कोरायला त्रासदायक, पण टिकाऊ. हाजर ईम जवळजवळ सगळं मऊ दगडाचं आहे, म्हणून तिथल्या शिळा उन्हात वितळलेल्या मेणबत्त्यांसारख्या दिसतात. तिथून उतारावरून अर्धा किलोमीटर खाली समुद्राच्या दिशेने चाललं की इम्नायद्रा लागतं. त्याची बाहेरची भिंत कडक दगडाची आहे आणि फार चांगली राहिली आहे. सुरुवातीला सांगितलेला तो पांढरा तंबू हाजर ईमवर २००९मध्ये घातला. काही लोक त्याच्यावर नाराज असतात, फोटो बिघडतो म्हणतात. दगडाची अवस्था जवळून पाहिली की ती तक्रार विरून जाते.

इम्नायद्राच्या आतल्या भिंतीला एका बाजूने डोळा लावून पाहा. भिंत सरळ वर जात नाही. वरचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवलेला आहे. ही छपराची सुरुवात. थरावर थर असे आत सरकवत नेले की वरचं तोंड लहान होत जातं, आणि कमान न बांधताही जागा झाकता येते. आपल्याकडे हेमाडपंती मंदिरांच्या मंडपाचं छत वर मान करून पाहिलं, तर एकात एक लहान होत जाणारी वर्तुळं दिसतात, तत्त्व तेच. पण माल्टात हे थर काही फुटांनंतर तुटतात. पुढे काय होतं? पूर्ण दगडी घुमट? की मधल्या भोकावर लाकूड आणि माती? मोठ्या दालनांची रुंदी बघता शेवटचा भाग लाकडाने झाकला असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. पण लाकूड पाच हजार वर्षं उरत नाही.

इथून आपण जमिनीखाली जातो.

१९०२मध्ये पाओलात घरं बांधणं सुरू होतं. पाण्याच्या टाकीसाठी खडक फोडताना मजुरांच्या पायाखाली पोकळी लागली. काम थांबू नये म्हणून आधी गाजावाजा झाला नाही. उलट घरांचा राडारोडा त्या पोकळीतच टाकला गेला. नंतर मानुएल मागरी नावाच्या जेझुइट पाद्र्याकडे उत्खनन आलं. त्याने काम केलं, पण १९०७मध्ये ट्युनिशियात तो वारला आणि त्याच्या नोंदी पुन्हा कधी सापडल्या नाहीत. पुरातत्त्वातल्या सर्वांत हळहळ लावणाऱ्या गोष्टींपैकी ही एक असावी: सर्वांत वरचे, सर्वांत आधी पाहिलेले थर उकरून झाले आणि त्यांची वही गेली. पुढचं काम थेमिस्टोक्लिस झामिट यांनी केलं. ते पेशाने डॉक्टर होते, आणि माल्टाच्या पुरातत्त्वाला शिस्त त्यांनीच लावली.

त्या जागेचं नाव हाल साफ्लीनीचं हायपोजियम. हायपोजियम म्हणजे ग्रीकमध्ये ‘जमिनीखालचं’. खडकात कोरलेले तीन मजले, जवळजवळ अकरा मीटर खोलवर उतरणारे. सर्वांत वरचा मजला सर्वांत जुना, नैसर्गिक गुहा रुंद करून केलेला. मग पिढ्यानपिढ्या लोक खाली खोदत गेले. हे दफनस्थान होतं. सुमारे ७,००० माणसांची हाडं इथे असावीत असा अंदाज झामिट यांनी एका भागातल्या हाडांवरून बांधला. एकेकाला वेगळी कबर नव्हती. नवं प्रेत आलं की जुनी हाडं बाजूला सारली जात, तांबडी गेरू त्यांना लावली जाई. मृतांना इथे एकटं ठेवत नसत.

मधल्या मजल्यावर पुरातत्त्वज्ञ ज्याला ‘पवित्रातलं पवित्र’ म्हणतात ते दालन आहे. दोन उभे खांब, आडवी तुळई, त्यामागे दार, बाजूला कोनाडे. सगळं एकसंध खडकातून कोरलेलं. म्हणजे तुळई काहीही पेलत नाही, खांब कशालाही आधार देत नाहीत. ती वरच्या मंदिराच्या दर्शनी भागाची नक्कल आहे. आणि त्या नकलेच्या वर छत आहे: एकावर एक पुढे सरकलेले थर, इम्नायद्राच्या भिंतीत जिथे तुटले तिथून पुढे चालू ठेवल्यासारखे. वर जे पडलं ते खाली खडकात राहिलं. मंदिरांना छप्पर होतं याचा इतका बोलका पुरावा दुसरा नाही.

हे मराठी माणसाला चटकन पटायला हवं. भाजे किंवा कार्ल्याच्या चैत्यगृहात आपण नेमकं हेच पाहिलेलं असतं. डोंगर कोरून केलेल्या छताला फासळ्यांची गरज काय? काहीच नाही. तरीही तिथे लाकडी फासळ्या बसवल्या, कारण कारागिरांच्या डोळ्यांसमोर लाकडी इमारत होती. ती लाकडी इमारत केव्हाच गेली, तिचं रूप लेण्यात राहिलं. हायपोजियमचं तसंच, फक्त तिथे मूळ इमारत दगडी होती. लेण्याचा हा गुण फार मोलाचा आहे. ते पडत नाही, त्यामुळे ज्याची नक्कल केली त्याचा साक्षीदार होऊन राहतं.

मात्र खडकातली नक्कल म्हणजे मोजमापाचा नकाशा नव्हे, हेही खरं. कोरणाऱ्याने हवं तिथे सोपं केलं असेल. ता हाजरात या छोट्या मंदिरात चुनखडीची एक हातात मावेल एवढी प्रतिकृती सापडली. तीही छपराचंच रूप दाखवते. दोन साक्षी जुळतात, पण मोठ्या दालनांवरचा मधला भाग कसा झाकला होता, यावर वाद चालूच आहे.

हायपोजियममध्ये आणखी एक दालन आहे, त्याच्या छतावर गेरूने रंगवलेली वळणं आणि भिंतीत एक कोनाडा. त्या कोनाड्यात जाड, खर्जातल्या आवाजात बोललं की आवाज सगळ्या दालनांत घुमतो. पातळ आवाज तसा घुमत नाही. कारण सोपं आहे. प्रत्येक पोकळीला स्वतःचा असा सूर असतो, रिकाम्या मडक्यात तोंड घालून गुणगुणल्यावर एका ठरावीक पट्टीला ते मडकं ‘धरतं’, तसा. इथे तो सूर ११० हर्ट्‌झच्या आसपास, म्हणजे पुरुषाच्या खालच्या आवाजाजवळ येतो. यावरून ‘प्राचीन ध्वनिविज्ञान’ वगैरे बरंच लिहिलं जातं. माझं मत: त्यांना घुमणं माहीत होतं आणि त्यांनी ते वापरलं असेल, हे अगदी शक्य आहे. पण त्यासाठीच खोली बनवली, हे सिद्ध करायला अजून खूप काही लागेल. लांबट कवट्या आणि परग्रहवासी यांच्या गोष्टी तर ऐकून सोडून द्याव्यात.

इथे तासाला फक्त दहा माणसांना आत सोडतात. तिकीट आठवडे, कधी महिने आधी संपतं, आणि लोक वैतागतात. कारण असं की आपण श्वास सोडतो त्यात कार्बन डायऑक्साइड आणि वाफ असते. दोन्ही मिळून सौम्य आम्ल तयार होतं आणि चुनखडी आम्लात विरघळते. दिव्याचा उजेड आणि दमट हवा मिळाली की शेवाळ धरतं. हवा कोरडी पडली तर खडकातले क्षार वर येऊन गेरूचे पापुद्रे सुटतात. म्हणून हवा एका ठरावीक दमटपणावर ठेवावी लागते. १९९० नंतर जवळजवळ दहा वर्षं ही जागा बंद ठेवून हे सगळं उभं केलं. अजिंठ्याची चित्रं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या काळजीचं कारण सांगावं लागणार नाही. आत कॅमेरा चालत नाही, सहा वर्षांखालच्या मुलांना नेता येत नाही, आणि पाहणं साधारण ५० मिनिटांत आटोपतं.

आता काळाचा प्रश्न: हे सगळं इतकं जुनं, हे कळलं कसं? दगड किती जुना हे विचारण्यात अर्थ नाही, तो कोट्यवधी वर्षांचाच असणार. विचारायचं असतं ते त्याखाली दबलेल्या कोळशाला किंवा हाडाला. जिवंत वनस्पती हवेतून किरणोत्सारी कार्बन घेत राहते. मेली की घेणं थांबतं आणि साठा कमी होत जातो, ५,७३० वर्षांत निम्मा. उरला किती ते मोजलं की वय निघतं. यात एक गृहीतक होतं, की हवेतलं या कार्बनचं प्रमाण नेहमी सारखंच होतं. कॅलिफोर्नियातल्या हजारो वर्षं जगणाऱ्या पाइन वृक्षांची वलयं एकेक मोजून तपासली तेव्हा कळलं, की ते सारखं नव्हतं, आणि इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकातल्या वस्तूंची वयं कित्येक शतकांनी कमी धरली गेली होती.

या दुरुस्तीने माल्टाचं स्थानच बदललं. तोवर समज असा होता, की संस्कृती पूर्वेकडून पश्चिमेकडे पसरली: इजिप्त, मग ग्रीस, मग इतर. टारशीनच्या दगडावरची वळणदार नक्षी मायसीनीच्या ग्रीकांकडून आली असणार, असं म्हटलं जायचं. इजिप्तची कालगणना राजांच्या याद्यांवर उभी होती, ती या दुरुस्तीने हलली नाही. माल्टाची मात्र मागे सरकली, आणि गीझाच्या खुफूच्या पिरॅमिडच्या हजार वर्षं आधी जाऊन बसली. नक्कल करणारा मूळ वस्तूच्या आधी जन्मला तर ती नक्कल कसली? पुरातत्त्वज्ञ कॉलिन रेन्फ्रू यांनी १९७३मध्ये हा युक्तिवाद ठामपणे मांडला, आणि युरोपच्या प्रागितिहासाची जुनी मांडणी कोसळली. एक बारीक सूचना: ‘जगातली सर्वांत जुनी दगडी वास्तू’ असं माल्टात अजूनही ऐकू येतं. तुर्कस्तानातलं गोबेक्ली टेपे त्याहून हजारो वर्षं जुनं आहे, तेव्हा त्या वाक्याकडे दुर्लक्ष करा. मंदिरांचं महत्त्व त्याने कणभरही कमी होत नाही.

इम्नायद्राच्या दक्षिणेकडच्या मंदिराचं दार पूर्वेला आहे. उगवत्या सूर्याची जागा वर्षभर सरकते, माल्टाच्या अक्षांशावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण ६० अंश. उत्तरायण-दक्षिणायन म्हणजे हेच सरकणं. मार्च आणि सप्टेंबरमध्ये, दिवस-रात्र समान असताना, पहिले किरण मधल्या वाटेने थेट आत जातात. जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये ते दाराच्या दोन विरुद्ध बाजूंच्या शिळांच्या कडांवर पडतात. शेतकऱ्याला पेरणीचा हंगाम सांगायला एवढं पुरेसं आहे. या दिवशी पहाटे मोजक्या लोकांना आत नेतात, आणि ढग आले तर अर्थातच काही दिसत नाही.

गोझोवरचं जगांतिया सर्वांत आधीच्या मंदिरांपैकी. त्याची बाहेरची भिंत अजूनही सहा मीटरपर्यंत उभी आहे, आणि काही शिळा ५० टनांच्या आहेत. नावाचा अर्थच ‘राक्षसांचं’. सान्सुना नावाच्या राक्षसिणीने कडधान्यं आणि मध खाऊन, बाळ अंगावर घेऊन, हे दगड वाहून आणले, असं गावात सांगतात. नाशिकच्या लेण्यांना ‘पांडवलेणी’ म्हणणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटायचं कारण नाही. माणसाच्या हातून हे झालं असेल, असं वाटलं नाही की काम पांडवांकडे किंवा राक्षसांकडे जातं. खरं उत्तर साधं आहे: उतार, दोर, तरफा आणि दगडाच्या खाली सरकवलेले गोळे. टारशीनला असे गोल दगड पडलेले आहेत, आणि काही अजूनही शिळांखाली आहेत.

टारशीन हायपोजियमपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १९१३मध्ये एका शेतकऱ्याने तक्रार केली, की नांगर सारखा मोठमोठ्या दगडांना अडतो. झामिट यांनी ऐकलं आणि उत्खनन १९१५मध्ये सुरू झालं. इथली नक्षी सर्वांत देखणी: वळणं, बोकड-मेंढ्यांची रांग, आणि एका मोठ्या मूर्तीचा कमरेखालचा भाग, जाड पिंढऱ्या आणि झालरीचा घागरा. मूळ शिल्पं राजधानी व्हॅलेटाच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. जागेवर दिसतात त्या प्रतिकृती. हायपोजियममधली बारा सेंटिमीटरची झोपलेली स्त्री, मातीची, कुशीवर वळलेली, तीही तिथेच. या जाड मूर्तींना ‘मातृदेवता’ म्हणायची पद्धत आहे. पण बऱ्याच मूर्तींवर स्त्री-पुरुष ओळखायची एकही खूण नाही, म्हणून मी तरी तो शब्द जपूनच वापरेन.

मंदिरं बांधणं इ.स.पू. २४००च्या आसपास थांबलं. युद्धाची खूण नाही, जळाल्याचा थर नाही. टारशीनला मंदिरकाळाच्या वर सुमारे मीटरभर निव्वळ गाळ होता आणि त्याच्या वर कांस्ययुगातल्या लोकांनी जाळलेल्या मृतांची राख. म्हणजे मधला काही काळ जागा ओस होती. अलीकडच्या अभ्यासांत परागकण आणि माती तपासली गेली. झाडं कमी झाली, माती वाहून गेली, हवा कोरडी झाली, असं चित्र दिसतं. २०२२मध्ये गोझोवरच्या शारा इथल्या भुयारी दफनभूमीतल्या हाडांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात लोकसंख्या लहान आणि जवळच्या नात्यांत लग्नं होत असल्याच्या खुणा आढळल्या. बेटावर अडकलेला लहान समाज, त्यावर सलग अवर्षणं. एवढं पुरेसं असू शकतं.

आता जायचंच असेल तर क्रम असा ठेवा. आधी संग्रहालय, मग टारशीन, मग हायपोजियम, आणि दुसऱ्या दिवशी हाजर ईम आणि इम्नायद्रा, शक्यतो दुपार टाळून. जगांतियाला वेगळा दिवस द्या. माल्टाच्या उत्तर टोकावरच्या चिर्केव्वाहून फेरी २५ मिनिटांत गोझोला पोचते. हायपोजियमचं तिकीट विमानाच्याही आधी काढलेलं बरं. आणि ते मिळालंच नाही, तर रबातला सेंट पॉलची भुयारी दफनस्थानं आहेत, ती रोमन आणि त्यानंतरच्या काळातली. तिथे खडकात कोरलेली गोल मेजं दिसतात, मृतांसोबत जेवण्यासाठीची. तो वेगळाच काळ, वेगळाच धर्म, पण खडक तोच पिवळा, मऊ, आणि थाळीएवढ्या जागेभोवती कुणीतरी बसायला जागा कोरून ठेवलेली.